बंद घराचा घरकार शोधताना : गोव्यात जुने घर घेऊ पाहणाऱ्यांसाठी

कौले घसरलेली, भिंतीच्या चिऱ्यांतून पिंपळ फुटलेला, दाराला गंजके कुलूप. आणि अंगणात तुळस मात्र हिरवीगार. गोव्यात जुने घर शोधत फिरणाऱ्या माणसाला असे घर दिसले की तो आधी माडी बघतो, खिडक्यांना लावलेले शिंपले बघतो, राजांगण, म्हणजे घराच्या मधले मोकळे अंगण, असेल का याचा अंदाज घेतो. मी सांगेन, आधी तुळस बघा. मे महिन्याच्या उन्हात तुळस आपोआप जगत नाही. कोणीतरी रोज तांब्याभर पाणी घालते, आणि ज्याने त्या माणसाला ते काम सांगितले तो घराशी अजून बांधलेला आहे. ख्रिस्ती घरासमोर खुरीस, म्हणजे क्रूस, असतो. त्यावर ताजी फुले किंवा मेणबत्तीचे ओघळ असतील तर तीच गोष्ट.

मी डिचोली तालुक्यातला. बार्देशमधले एक घर आवडल्यापासून त्याची किल्ली हाती येईपर्यंत मला जवळजवळ तीन वर्षे लागली. त्यातली दोन वर्षे नुसता घरकार, म्हणजे घराचा मालक, शोधण्यात गेली, कारण मी चुकीच्या टोकाने सुरुवात केली होती. "मालक कोण?" असे विचारत होतो. गोव्यात जुन्या घराला एक मालक क्वचितच असतो. असते ते कुटुंब, तीन-चार पिढ्यांचे, मुंबईपासून लिस्बनपर्यंत पसरलेले. शोध त्या कुटुंबाचा घ्यायचा आहे हे पहिल्या दिवशी कळले असते तर माझी दोन वर्षे वाचली असती.

आधी घराची ओळख पटवा

गेटच्या आत पाऊल टाकू नका. घर पडके असले तरी ते दुसऱ्याचे आहे. रस्त्यावरून दिसेल तेवढे टिपून घ्या: दारावर रंगवलेला पंचायतीचा घर क्रमांक, विजेचा मीटर आहे की काढून नेला आहे, विहीर कुठे, गाडी दारापर्यंत जाते की नुसती पायवाट आहे, मागे किंवा बाजूला लहान घर आहे का आणि त्यात कोणी राहते का. हे शेवटचे फार महत्त्वाचे. त्याकडे पुढे येतो. मोबाइलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश साठवून ठेवा, नकाशाशी जुळवताना उपयोगी पडतात.

एक-चौदाचा उतारा

महाराष्ट्रातून आलेल्यांना सात-बारा माहीत असतो. गोव्यात त्याच्या जागी 'फॉर्म एक आणि चौदा' असतो. लोक सरळ 'वन-फोर्टीन' म्हणतात. तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग एवढे माहीत असेल तर भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो. सर्व्हे नंबर माहीत नसेल तर त्याच खात्याच्या भूनक्शावर गाव उघडून, रस्ता, ओहोळ, देऊळ अशा खुणांवरून तुकडा ओळखायचा. ते जमले नाही तर तलाठ्याकडे जा. शहरी भागात, म्हणजे पणजी, मडगाव, म्हापसा अशा ठिकाणी, सर्व्हे नंबरच्या जागी 'चलता नंबर' आणि 'पी. टी. शीट' असते आणि उतारा 'फॉर्म डी'चा मिळतो.

उतारा हातात आला की तीन रकाने नीट वाचा. कब्जेदाराचा, कुळाचा आणि इतर हक्कांचा. कब्जेदाराच्या रकान्यात एखादे नाव दिसले की "सापडला मालक!" असे वाटते. मलाही वाटले होते. त्या नावाचा माणूस १९८० च्या सुमारास वारला होता.

त्यामागचे कारण कळले तर उतारा शहाणपणाने वाचता येतो. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. जमीन महसूल संहिता १९६८ ची, आणि तिच्याखाली गावोगावची मोजणी होऊन हे उतारे तयार झाले ते त्यानंतरच्या दशकात. मोजणीदार आला तेव्हा जो समोर होता त्याचे नाव बऱ्याचदा लागले. घरची मंडळी मुंबईला असतील तर कधी राखणदाराचे, कधी एकाच भावाचे. ती नोंद खोटी ठरवली जाईपर्यंत कायदा तिला बरोबर मानतो, पण ती मालकीचा दाखला नाही. न्यायालयांनी हे पुन्हापुन्हा सांगितले आहे. त्यामुळे उताऱ्यावरच्या नावाला धागा समजा आणि तो धरून पुढे चला. सोबत 'फॉर्म नऊ', म्हणजे म्युटेशनची (फेरफाराची) नोंदवही, पाहा. अलीकडे कोणी नाव चढवले असेल, वाद घातला असेल, तर तिथे कळते. मोजणीचा नकाशाही काढा. घराचे बांधकाम त्यावर आखलेले असते, आणि घर ज्या तुकड्यावर आहे असे तुम्हाला वाटते त्याच तुकड्यावर ते आहे का हे तिथेच समजते.

पंचायतीत घरपट्टीची वही असते. घरपट्टी कोणाच्या नावावर आहे आणि शेवटची कधी भरली, हे सचिवांना विनंती करून किंवा माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारता येते. घरपट्टीही मालकी सिद्ध करत नाही. पण पट्टी भरणारा माणूस जिवंत असतो, आणि आपल्याला तर जिवंत माणूस हवा आहे.

वाड्यावरची माणसे

कागद नाव देतो, पत्ता देत नाही. पत्ता शेजारणीकडे असतो.

इथे एक गोष्ट समजून घ्या. नवखा माणूस बंद घराची चौकशी करू लागला की आज गोव्यातला शेजारी सावध होतो, आणि त्याचे बरोबर आहे. परदेशी गेलेल्यांच्या, निपुत्रिक वारलेल्यांच्या जमिनी खोटे दस्तऐवज करून हडपल्याची इतकी प्रकरणे निघाली की २०२२ मध्ये सरकारला पोलिसांचे विशेष तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही बसवावा लागला. त्या टोळ्याही सुरुवातीला अशीच चौकशी करत होत्या: घर कोणाचे, ते कुठे असतात, येतात का. तुमचे प्रश्न तेच आहेत. मग तुमच्याबद्दल विश्वास कशाने वाटावा? आपले नाव, गाव, धंदा आधी सांगण्याने. घर राहायला हवे आहे की हॉटेल करायला, ते खरे सांगण्याने. आणि घाई न करण्याने.

संध्याकाळी पाचनंतर जा. दुपारी गोव्यात दार वाजवू नका. सोप्यावर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला नमस्कार करून कोकणीतून विचारता आले तर उत्तमच: "हें घर कोणाचें, बाबा? घरकार खंय आसता?" कोकणी मोडकीतोडकी असली तरी चालते. मराठीतून विचारलेलेही सर्वांना समजते, पण कोकणीतल्या दोन शब्दांनी समोरचा माणूस सैलावतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. पहिल्या भेटीत फोन नंबर मागू नका. आपला नंबर लिहून द्या आणि म्हणा, "त्यांच्याशी बोलणे झाले तर एवढा निरोप द्या." माझ्या बाबतीत शेजारच्या आजींनी ती चिठ्ठी चार महिने डब्यात ठेवली, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरची सून आली तेव्हा तिच्या हातात दिली. मधल्या काळात मी त्यांच्याकडे तीनदा जाऊन आलो होतो, घराचा विषय न काढता.

आणखी कोणाला विचारायचे? सकाळ-संध्याकाळ सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला. कोणाच्या घरात सुट्टीत दिवे लागतात हे त्याला नेमके माहीत असते. नारळ पाडायला येणाऱ्या पाडेलीला: बंद घराच्या भाटातले, म्हणजे बागायतीतले, नारळ कोणाच्या सांगण्यावरून पाडतो आणि पैसे कोणाला देतो, हे विचारा. या एका प्रश्नातून मी दुसऱ्या एका मित्राच्या कामात थेट मालकाच्या भाच्यापर्यंत पोचलो होतो. पोस्टमनला आणि वॉर्डच्या पंचालाही विचारा.

देऊळ, चर्च आणि मुंबई

शेजाऱ्यांकडून धागा तुटला तर देवाकडे जा. हे मी श्रद्धेने सांगतो आहे आणि व्यवहाराने सुद्धा.

हिंदू घर असेल तर आधी आडनाव आणि कुळदेवता विचारा. सोळाव्या शतकात सासष्टी, बार्देश, तिसवाडीतली देवळे पाडली गेली तेव्हा अनेक देव नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला, अंत्रुजात, नेले गेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. म्हणून घर सासष्टीत आणि कुळदेवता फोंडा तालुक्यात, असे सर्रास आढळते. या देवस्थानांना महाजन, म्हणजे देवस्थानचे वंशपरंपरागत सभासद, असतात आणि महाजनांची नोंद असते. घर सोडून तीन पिढ्या झालेले कुटुंबसुद्धा लग्न, मुंज झाली की कुळदेवतेच्या पायांवर येते, अभिषेकाची पावती फाडते, देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भक्तांच्या उतरण्याच्या जागेत, उतरते. देवस्थानच्या कचेरीत कोणाचा पत्ता मागू नका, ते देणार नाहीत आणि देऊही नये. बंद पाकिटातले पत्र द्या, त्यावर कुटुंबाचे नाव आणि गाव लिहा, आणि पोचते करण्याची विनंती करा. पुरोहितांना तर घराणीच्या घराणी तोंडपाठ असतात.

ख्रिस्ती घर असेल तर गावच्या चर्चचे पाद्री. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेल्या आहेत. गावच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, बाहेरगावची मंडळी येतात. त्याहून महत्त्वाचा दिवस २ नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा. त्या दिवशी दफनभूमीतल्या प्रत्येक कबरीपाशी कोणीतरी असते. तिथे जाऊन घराचा विषय काढू नका, तो दिवस त्यासाठी नाही. पण कबरीवरच्या दगडावर आडनावे आणि साल असतात, आणि आठवडाभराने पाद्रींना विचारले की या वर्षी कोण आले होते, तर उत्तर मिळते.

मुंबईत धोबीतलावच्या बाजूला गोव्यातल्या गावांचे 'कूड', म्हणजे त्या-त्या गावकऱ्यांच्या उतरण्याच्या सामाईक खोल्या, आहेत, जेर महाल इमारतीत तर कितीतरी. बोटीवर नोकरीला जाणारा गोवेकर आधी आपल्या गावच्या कुडात उतरत असे. ज्या गावातले घर त्या गावचा कूड अजून चालू असेल तर तिथल्या जुन्या सभासदांना घराणी माहीत असतात. हिंदू घराणी गिरगाव, दादर, पार्ल्याकडे गेली, आणि त्यांच्याबद्दल अनेकदा गावातला भटजी किंवा चवथीला पाळीपाळीने येणारा चुलतभाऊच सांगू शकतो. पाळी कोणाकडे कधी, हे विचारले की सगळे भाऊबंद एका वाक्यात मोजून होतात.

पोर्तुगीज काळातले कागद

एवढ्यात वकील गाठा, आणि तोही गोव्यातच जमिनीची कामे करणारा. जुन्या मालमत्तेची नोंद पोर्तुगीज काळात दोन ठिकाणी होत असे. जमीन नोंदणी कार्यालयात मालमत्तेचे वर्णन, त्याला 'देस्क्रिसांव' म्हणतात, 'बी' पुस्तकात असे, आणि ती कोणाच्या नावे चढली त्याचा 'इन्स्क्रिसांव' 'जी' पुस्तकात. करासाठी वेगळी नोंद, तिला 'मात्रिस'. आजही गोव्यातल्या खरेदीखतात "अमुक नंबरखाली बी पुस्तकात वर्णिलेली, तमुक नंबरखाली मात्रिसमध्ये नोंदलेली" असे वाक्य येते ते यामुळे. नोटरींची जुनी पुस्तके पणजीला पुराभिलेख खात्यात शोधावी लागतात. हे दफ्तर १५९५ पासूनचे आहे, दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला प्रमुख. त्या कागदांसमोर बसलात की घराच्या शोधात आलो होतो हे क्षणभर विसरायला होते.

जमिनीच्या तुकड्याला पूर्वी आजचा सर्व्हे नंबर नव्हता, नाव होते. 'घरभाट' हे नाव तर गावागावात सापडेल. म्हणून चतुःसीमा जुळवा: पूर्वेला कोणाचे भाट, पश्चिमेला ओहोळ की वाट.

आणि नावांचे लिखाण. पोर्तुगीज कारकुनाने आपली नावे कानाने ऐकली आणि आपल्या लिपीत लिहिली. 'श'साठी तिथे 'एक्स' हे अक्षर येते, म्हणून शंकर किंवा शेट शोधायचा असेल तर यादीत 'एस'खाली सापडणार नाही, 'एक्स'खाली पाहा. प्रभूचा 'पोरोबो' होतो, शेणवीचा 'सिनाय', कामतचा 'कामोतिम', लक्ष्मणचा 'लोक्षिमोन'. मुंबईतल्या नातवाच्या आधार कार्डावर 'प्रभू' आणि आजोबांच्या दस्तावर 'पोरोबो' असेल तर दोघे एकाच घराण्यातले, हे पुढे कागदाने दाखवावे लागते. त्यासाठी नागरी निबंधकाकडचे जन्म, विवाह, मृत्यूचे दाखले लागतात. ते त्या-त्या तालुक्यात मिळतात.

वंशावळ काढा, सह्या मोजा

एक मोठा कागद घ्या. वर आजोबा-आजी, खाली त्यांची सगळी मुले. सगळी म्हणजे मुलीसुद्धा. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी वारसाहक्कात समान आहेत, आणि आज लागू असलेला २०१२ चा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायदाही तेच चालवतो. लग्न वेगळा करार न करता झाले असेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. त्यामुळे आजोबा वारले तर निम्मा हिस्सा आजीचा स्वतःचा राहतो आणि उरलेला निम्मा मुलांत वाटला जातो. चार मुले असतील तर प्रत्येकाला एक अष्टमांश. आणि स्थावर विकताना नवऱ्याबरोबर बायकोची, बायकोबरोबर नवऱ्याची सही लागते.

आता हिशेब करा. आजोबा-आजी नाहीत, त्यांची चार मुलेही गेली, प्रत्येकाची तीन मुले, सगळी लग्न झालेली. बारा नातवंडे आणि त्यांचे बारा जोडीदार: चोवीस सह्या. मधल्या पिढीतली एखादी विधवा काकू हयात असेल तर पंचवीस. माझ्या घराच्या वेळी एकोणीस होत्या. एक बहीण कॅनडाला होती आणि तिला गोव्यात आपला हिस्सा आहे हेच ठाऊक नव्हते. भावांनी "तिचे काही नाही, तिचे लग्न झाले" असे मला सांगितले होते. ते लबाड नव्हते, त्यांना खरेच तसे वाटत होते. म्हणून तोंडी शब्दावर कोणाचेही नाव वंशावळीतून खोडू नका.

"आजोबांनी मृत्युपत्रात सगळे मला दिले" असे कोणी सांगितले तर लक्षात ठेवा, मुले-नातवंडे असताना गोव्यात माणूस साधारणपणे आपल्या हिश्श्याच्या निम्म्याचीच मृत्युपत्राने विल्हेवाट लावू शकतो. बाकीचा निम्मा वारसांसाठी राखलेला.

सगळे वारस एकमताचे असतील तर विशेष नोटरीसमोर वारसांचा दस्त होतो. त्याची सूचना वर्तमानपत्रात प्रसिद्ध होते. मत जुळत नसेल, कोणी अल्पवयीन असेल, कोणाचा ठावठिकाणा नसेल, तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसा वाटून घेण्याचे प्रकरण, लावावी लागते. ती वारसांनी लावायची असते. तुम्ही त्यांना तयार करू शकता, खर्चाला हातभार लावू शकता, पण त्यांच्या जागी उभे राहू शकत नाही. सात वर्षे ज्याची काही वार्ता नाही त्याला मृत समजण्याची तरतूद भारतीय कायद्यात आहे, मात्र तेही न्यायालयासमोरच ठरते.

एकाच वारसाकडून "माझा हिस्सा घ्या" असा प्रस्ताव येतो, स्वस्तात येतो. घेऊ नका. सहवारसांना तो हिस्सा आधी घेण्याचा हक्क असतो, आणि तो न विचारता विकला तर ते न्यायालयात जाऊ शकतात. शिवाय न वाटलेल्या घरातला अष्टमांश म्हणजे कोणती खोली, हे कोणी सांगू शकत नाही. माझ्या एका परिचिताने दलालाच्या भरवशावर असाच एका भावाला बयाणा दिला. पैसे अडकले ते अडकलेच, आणि उरलेल्या कुटुंबाने त्याच्याशी बोलणे टाकले.

जिथे थांबायचे

उताऱ्यावर 'कस्टोडियन ऑफ इव्हॅक्युई प्रॉपर्टी' दिसले तर तो विषय सोडा. मुक्तीनंतर निघून गेलेल्यांच्या मालमत्तेसाठी १९६४ चा खास कायदा आहे आणि ती मालमत्ता त्या अधिकाऱ्याच्या ताब्यात असते. कोणी "माझ्याकडे मूळ मालकाचे पत्र आहे" म्हणत आला तर वकिलाला विचारल्याशिवाय चहासुद्धा पिऊ नका त्याच्याबरोबर.

घर कुटुंबाचे पण जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची, किंवा देवस्थानची, हेही पुष्कळ दिसते. मग प्रश्न असा की जमीन कोणत्या हक्काने दिली होती आणि ती पुढे दुसऱ्याला देता येते का. हे तपासायला वेळ लागतो, तो द्या.

आणि मुंडकार. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणारा तो मुंडकार. घराशेजारी एखादे छोटे घर आहे का ते पाहा असे मी सुरुवातीला म्हटले ते यासाठी. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला हुसकावता येत नाही, आणि आपले घर व भोवतालची जमीन, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, पालिका क्षेत्रात २०० पर्यंत, विकत घेण्याचा त्याला हक्क आहे. ते प्रकरण मामलेदाराकडे चालते. त्या कुटुंबाने तुमच्या घराची तुळस जगवली असेल, पावसात कौले सारखी केली असतील. "जागा रिकामी करून द्या" अशी अट मालकाला घालू नका. मुंडकाराच्या घरी जा, त्यांची सीमा नकाशावर आधी आखून घ्या आणि उरलेल्याची किंमत ठरवा. माझ्या भाटातल्या मुंडकार कुटुंबाशी सीमा ठरली ती एका रविवारी दोरी धरून, आणि नंतर सगळे रीतसर झाले.

कुळाच्या रकान्यात नाव असेल तर शेतजमिनीचा १९६४ चा कूळ कायदा आडवा येतो. घरासोबत शेताचा तुकडा विकत असतील तर हेही पाहा की २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंधन आहे. समुद्र-नदीजवळ सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र, आहे, आणि तिथे १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीपासून घर होते का हे कागदाने दाखवता आले पाहिजे. प्रादेशिक आराखड्यात जागा वस्तीच्या विभागात आहे की भाटाच्या, हे नगरनियोजन खात्याकडून लेखी घ्या.

पहिले पत्र

पत्ता मिळाला की फोन करू नका, पत्र लिहा. अनोळखी फोनवर आलेले "घर विकणार का?" हे वाक्य ऐकून माणूस पहिल्यांदा 'नाही' म्हणतो, आणि एकदा 'नाही' म्हटले की मागे फिरणे त्यालाही अवघड जाते. हिंदू कुटुंबाला मराठीत लिहा. ख्रिस्ती कुटुंबाला इंग्रजीत, किंवा कोणी लिहून देणारे असेल तर रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीत. किंमत लिहू नका. मी लिहिलेले साधारण असे होते:

"सप्रेम नमस्कार. मी डिचोली तालुक्यातला, शाळेत शिक्षक आहे. आपल्या गावातले आपले घर मी रस्त्यावरून पाहिले. आपली परवानगी नसल्याने आत गेलो नाही. घर विकण्याचा आपला विचार आहे किंवा नाही हे मला माहीत नाही. कधी तसा विचार झाला तर मला राहण्यासाठी ते घ्यायला आवडेल. पाडायचे नाही, दुरुस्त करायचे आहे. विचार नसेल तरी पश्चिमेकडची कौले गेली आहेत आणि तिथून पाणी आत जाते, हे आपल्याला कळावे म्हणून लिहीत आहे. आपल्या घरच्या इतर मंडळींना हे पत्र दाखवलेत तर बरे वाटेल."

कौलांचे वाक्य मी खरोखरच कळकळीने लिहिले होते. उत्तर त्याच वाक्याला आले. थोरल्या भावाने विचारले, "माजघराची भिंत अजून उभी आहे का?"

उत्तर आले नाही तर दोन महिन्यांनी एक आठवण. त्यानंतर पुन्हा नाही. चवथ, मे महिन्याची सुट्टी, गावची जत्रा किंवा फेस्त, या वेळी मंडळी येतात. तेव्हा भेट मागा. घरात नुकताच कोणी गेला असेल तर वर्ष जाऊ द्या.

व्यवहाराच्या वेळी

उपनिबंधकाकडून तीस वर्षांचा बोजा नसल्याचा दाखला, वकिलाचा शोध अहवाल, मग एखाद्या मराठी आणि एखाद्या इंग्रजी दैनिकात जाहीर सूचना. 'गोमन्तक', 'तरुण भारत', 'नवप्रभा', 'हेराल्ड', 'नवहिंद टाइम्स' ही गोव्यात वाचली जातात. सूचना मुंबईच्या वर्तमानपत्रातही द्या, कारण हरकत घेणारा चुलतभाऊ बहुतेक तिथे असतो. त्याने हरकत खरेदीआधी घेतलेली बरी.

परदेशातल्या वारसाला कुलमुखत्यारपत्र करावे लागेल. पोर्तुगालसारख्या देशात ते अपोस्टिल (परदेशात चालणारे सरकारी प्रमाणन) करून घेता येते, आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागला पाहिजे. वारसाने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचे कार्ड) आहे का हे विचारा. कर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची, म्हणजे तुमची. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल आणि विक्रेता भारतात राहणारा असेल तर एक टक्का. परदेशस्थ विक्रेत्याचा दर वेगळा आणि बराच जास्त, रकमेची किमान मर्यादाही तिथे नाही. त्याची गणिते सनदी लेखापालाकडून आधी करून घ्या, नाहीतर नंतर तो कर तुमच्या खिशातून जातो. पैसे प्रत्येक वारसाच्या खात्यात वेगळे द्या. "सगळे माझ्याकडे द्या, मी वाटतो" म्हणणारा भाऊ कितीही सज्जन असो, तरी वेगळेच.

नोंदणी झाली की त्याच आठवड्यात म्युटेशनचा अर्ज द्या. घरपट्टी, वीज, पाणी आपल्या नावावर करून घ्या. आणि किल्ली घेण्याआधी कुटुंबाला एक पूर्ण दिवस घरात द्या. देवघरातले देव कोण नेणार, भिंतीवरचे फोटो कोणाकडे जाणार, तुळशी वृंदावन तिथेच राहू द्यायचे का, हे त्यांनी ठरवायचे असते. आमच्याकडे एकोणीसपैकी अकरा जण आले होते. देव थोरल्या सुनेने बोरिवलीला नेले. तुळस त्यांनी ठेवली, आणि शेजारच्या आजींना विचारून पाणी घालण्याचे काम माझ्या बायकोने आपल्याकडे घेतले.